मागची सुरी कशाने गेली?

३ ऑगस्ट

वहिनी,

माझं पत्र आलंय म्हटल्यावर तुम्ही आधी पाकीट उलटसुलट करून बघाल. खरंच मीच लिहितोय.

थेट कामाचं सांगतो. या हंगामापासून मी पुन्हा रानात जाणार आहे. परवाना हातात आलाय. दादा गेल्यापासून सहा वर्षं बंदूक कपाटावर गुंडाळून ठेवली होती, ती खाली काढली. मला शिकारीची सुरी हवी आहे आणि ती तुमच्याच हातची हवी आहे. बाजारात ढिगाने मिळतात, पण आपल्या कारखान्याची सुरी वापरलेल्या माणसाला ती खेळणी वाटतात.

मला हवंय ते असं. पातं सहा इंच. जाडी साडेपाच मिलिमीटर. पाठीवर करवतीसारखे दाते, टोकाजवळ कातडं उघडायला आकडा. पोलाद न गंजणारं. धार हंगामभर टिकली पाहिजे. आणि पाठ अशी दणकट, की वरून ठोकलं तरी सुरीला काही होऊ नये. मूठ रबराची चालेल.

आईचे गुडघे गेलेत. दिसतंही कमी. जीभ मात्र शाबूत आहे. तुमची आठवण काढते.

धाकटा


११ ऑगस्ट

भाऊजी,

पाकीट उलटसुलट करावं लागलं नाही. पत्त्याची ओळ उजवीकडे चढत गेलेली दिसली, तेव्हाच कळलं.

तुमची यादी वाचली. ही सुरी नव्हे, अवजारांचं दुकान आहे. म्यानाऐवजी हातगाडी करावी लागेल. अहो, रानडुक्कर उघडायला चार इंचाचं पातं पुरतं. तर्जनीपेक्षा थोडंसं लांब, म्हणजे आत टोक कुठे आहे ते बोटाला कळतं. करवतीच्या दात्यांत केस आणि चरबी भरते. आकड्याला धार लावायला गोल कानस लागते आणि ती तुम्ही आयुष्यात विकत घेणार नाही. साडेपाच मिलिमीटरचं पातं कापत नाही, पाचरीसारखं फाडत जातं. आणि गंजू नये, धार हंगामभर टिकावी, वर ठोकलं तरी मोडू नये, हे तिन्ही एका पोलादात कुणी देत असेल तर त्याचा पत्ता मलाही पाठवा. जितकं कडक, तितकं ठिसूळ. कितीही ठोका, काही होत नाही अशी एक वस्तू असते. तिला पहार म्हणतात.

ही झाली थट्टा. खरं कारण वेगळं आहे आणि तुम्हाला ते माहीत आहे. मी आता पाती करत नाही. पुढच्या खोलीत शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावून देते. मागची भट्टी थंड आहे, तिच्यावर ओले कपडे वाळत घालते. पातं घडायचं काम ह्यांचं आणि ते लाल करून तेलात बुडवायचं, म्हणजे त्याला पाणी द्यायचं काम माझं, अशी आमची वाटणी होती. मी पाणी दिलेली सुरी ह्यांच्या हातात मोडली. राहिलेला थोटका तुकडा मांडीत गेला आणि रानातून रस्त्यापर्यंत आणेस्तोवर माणूस संपला. माझ्या हातचं पातं आता कुणाच्या हातात द्यायची मला छाती नाही.

तरीही तुम्ही मागताच आहात, तर मामंजींचे चार प्रश्न तुम्हालाही चुकायचे नाहीत. काय कापणार? कुठल्या हवेत? धार कोण लावणार? आणि मागची सुरी कशाने गेली? चौथ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय त्यांनी कुणाचंही काम हाती घेतलं नाही. ते म्हणायचे, पोलाद बाजारात मिळतं, पण गिऱ्हाइकाचा स्वभाव त्याच्या मागच्या सुरीत मिळतो.

आईंना नमस्कार सांगा.

वहिनी


२२ ऑगस्ट

वहिनी,

पहार वाचून आई खूप हसली. तुमची पत्रं मीच तिला वाचून दाखवतो. म्हणाली, "जीभ तिची आधीपासूनच तिखट. धार लावायचा धंदा तिला शोभतो."

तुमचं ऐकलं. सहाचे चार इंच झाले. दाते गेले, आकडा गेला. तुमच्या घासाघिशीत माझी सुरी बारीक होत चाललीय, पण ठीक आहे.

आता प्रश्न. काय कापणार, तर डुक्कर, क्वचित हरीण. कातडं काढायचं, पोट उघडायचं, सांधे सोडवायचे. हवा ओली, सकाळी धुकं, पानांवरून पाणी ठिबकत असतं. धार मीच लावणार, दगडावर, आणि लावता येते, हसू नका. आमच्यातले एकजण म्हणतात की स्टेनलेसच घे. दुसरे म्हणतात बॉल बेअरिंगचं पोलाद घे, त्याची धार बारीक येते आणि ते सहज तुटत नाही, फक्त पुसून तेल लावून ठेवावं लागतं. मला दुसरं पटतंय. तुम्ही सांगाल ते.

एकच हट्ट आहे. पाठ जाड ठेवा, पाच तरी. आणि पाणी जरा मऊ द्या. पातं हाडात अडकलं आणि मागून चार ठोके घालावे लागले, तर टिकलं पाहिजे.

चौथा प्रश्न बाहेरच्या गिऱ्हाइकांना. मला स्वतःची सुरी होती कधी? लागली तर दादाचीच न्यायचो.

धाकटा


३० ऑगस्ट

भाऊजी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी भट्टीवरचे कपडे काढले. पेटवली नाही, नुसती झाडली. तुमच्यामुळे एवढं तरी झालं, म्हणून आधी कामाचं लिहिते.

बेअरिंगचं पोलाद, हे बरोबर. स्टेनलेस वाईट नसतं, पण रानात दगडावर त्याला धार लावताना तुम्ही वैतागाल आणि बोथट सुरीने जोर लावत बसाल. हात कापतात ते बोथट सुरीने. टोक पाठीकडून हळूच उतरतं ठेवायचं, म्हणजे पोट उघडताना आतडं फुटत नाही. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत अखंड. मूठ रबराची नको, रक्ताने गुळगुळीत होते. राळेत दाबलेल्या कापडाची करता येईल, ओल्या हातात ती उलट जास्त धरून राहते. नारिंगी रंगाची, गवतात पडली तर दिसावी म्हणून. बोट धारेवर घसरू नये म्हणून पुढे छोटी अडणी. पाठ तीन मिलिमीटर.

पाठीवरच आपलं अडतंय, नाही का?

मी या कामात बावीस वर्षं काढली. शिकारी येतात, कुणी धार मागतं, कुणी टोक मागतं, कुणी मूठ. पाठ कुणी मागत नाही. सुरीच्या पाठीचा कुणी विचारच करत नाही. तुम्ही पहिल्या पत्रात पाठ मागितलीत, दुसऱ्यात मागितलीत, बाकी सगळं सोडलंत पण पाठ सोडली नाहीत. पाठीवर ठोकायची गरज कुणाला पडते? ज्याने एकदा ठोकून बघितलंय त्याला.

आणि दुसरं. "दादाचीच न्यायचो." भाऊजी, हे आपली सुरी आणि आपला दाढीचा ब्रश सख्ख्या बापालाही देत नसत. मी खूप आठवून पाहिलं. एकदाच दिली असेल. सुरी मोडली त्याच्या आदल्या हंगामात हे तापाने पडले होते आणि तुम्ही एकटेच गेला होता, तेव्हा.

पोलिसांची चौकशी संपल्यावर मोडक्या सुरीचे दोन्ही तुकडे तुमच्या ताब्यात दिले होते. ते मला पाठवा.

वहिनी


८ सप्टेंबर

वहिनी,

मी सुरी मागितली, तुम्ही उलटतपासणी मांडलीत. तुकडे नाहीत. तेव्हाच नदीत टाकले. ते घरात कोण ठेवेल?

तुम्हाला काम मिळावं, भट्टी पेटावी, एवढ्याच भल्या हेतूने लिहिलं होतं. चांगलं करायला गेलो तर हे. चौकशीत त्या साहेबाने विचारलं तेव्हा मी जे दिसलं ते सांगितलं. पातं काचेसारखं तुटलं. पाणी जास्त झालं होतं. पाणी मी दिलं नव्हतं, वहिनी.

सुरी नको मला. बाजारातली घेईन.

धाकटा


१५ सप्टेंबर

भाऊजी,

पाणी मी दिलं होतं. ते मी कधी नाकारलं?

तुम्ही चौकशीत जे सांगितलंत ते दुसऱ्या दिवशीच गावभर झालं. ह्यांना पोचवून माणसं परत आली, घर भरलेलं होतं, आणि आई दारातच म्हणाल्या, "हिच्या हाताला गुण नाही." कुणी त्यांना गप्प केलं नाही. मीही नाही, कारण मला ते पटलं होतं. पुढच्या महिन्यात तिघा गिऱ्हाइकांनी आपल्या सुऱ्या परत आणून टेबलावर ठेवल्या. भांडले नाहीत, नुसत्या ठेवल्या आणि गेले. चौथा आला तो खाटीक, तो तेवढा थांबला आणि म्हणाला, "बाई, राग मानू नका, घरी लेकरं आहेत." त्यानंतर तुम्ही आईंना तिकडे घेऊन गेलात आणि मी कात्र्यांवर आले.

माझ्याकडून काय चुकलं असेल, ते मी सहा वर्षं शोधतेय. तेल गार होतं का? नंतर मऊ करायला पातं मंद आचेवर ठेवतो, ते कमी वेळ ठेवलं का? त्या दिवशी माझं लक्ष कुठे होतं? एकेका पायरीवर मी हजारदा जाऊन उभी राहिले आहे.

म्हणून तुकडे हवेत. तुम्हाला पकडायला नाही. नीट ऐका. पातं माझ्या हातून, पाणी देताना तडकलं असेल, तर त्या तडीत तेल शिरलेलं असतं आणि नंतरच्या आचेने आतली बाजू काळपट किंवा वाळल्या गवतासारखी पिवळी होते. तो रंग पुन्हा कधी जात नाही. तड नंतर वापरताना गेली असेल, तर आत आचेचा रंग नसतो, नुसता गंज असतो. पोलाद खोटं बोलत नाही, एवढंच मला म्हणायचंय.

पिवळं निघालं तर मी स्वतः तसं लिहून देईन आणि भट्टी फोडून टाकेन. निदान शोधणं तरी थांबेल.

नदीत टाकले म्हणता. तुम्ही चौथीतली तुटकी पाटीसुद्धा टाकलेली नाहीत, आई सांगायच्या.

वहिनी


१२ ऑक्टोबर

वहिनी,

सोबत पाठवतोय. ग्रीस लावून मेणकापडात गुंडाळून ठेवले होते. मी उघडून पाहिलेले नाहीत.

परत पाठवू नका.

धाकटा


२० ऑक्टोबर

भाऊजी,

पुडकं आलं त्याला चार दिवस झाले. तीन दिवस ते टेबलावर तसंच होतं. काल उघडलं.

तुम्ही ग्रीस चांगलं थापलं होतं, म्हणून वाचता आलं. रॉकेलने धुतलं, पांढऱ्या फडक्यावर ठेवलं आणि भिंग लावून बघितलं. तुटलेली बाजू बरीचशी करडी आहे, बारीक दाण्याची. इतका बारीक दाणा पाणी बरोबर बसलं तरच येतो. आणि पाठीकडून खाली, नखाच्या आकाराचा एक डाग आहे. तिथली तड जुनी. पिवळी नाही, काळीही नाही. तांबडा गंज. त्या तडीच्या बरोबर वर, पाठीवर तीन ठोक्यांच्या खुणा आहेत, चपट्या, एकमेकींना चिकटून. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूच्या असाव्यात. मुठीकडच्या तुकड्यावर कानसही चालवून पाहिली. जेवढी घसरायला हवी तेवढीच घसरली. कडकपणा हवा तेवढाच होता. पाणी जास्त झालेलं नव्हतं.

तुकडे पुन्हा तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवलेत.

आता तुम्ही सांगा. मला कळलंय, पण तुमच्या तोंडून हवंय. आणि जे मला सांगाल तेच आईंना सांगा, माझं हे पत्र पूर्ण वाचून दाखवून. सहा वर्षं त्या सुनेच्या हाताला नावं ठेवत आल्या. त्यांना म्हणावं, हात ठीक होता.

वहिनी


४ नोव्हेंबर

वहिनी,

चार वेळा लिहिलं आणि फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

तुम्ही म्हणता तोच हंगाम. दादाच्या उशाजवळून सुरी उचलली. तो झोपेत होता, त्याने दिली नव्हती. पहिल्याच दिवशी डुक्कर पडलं. मागच्या पायांमधलं हाड फोडायला मी सुरी त्यात घातली आणि कुऱ्हाडीने ठोकली. दादा हे सांधा शोधून सोडवायचा. मला सांधा सापडला नाही. तिसऱ्या ठोक्याला टिक असा आवाज आला. मी पातं उजेडात धरून पाहिलं. केसासारखी रेघ होती, की नव्हती, मला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं. पुसली, म्यानात घातली, परत ठेवली. दादाने शिव्या घातल्या असत्या. शिव्यांना भ्यालो, वहिनी. तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो.

पुढच्या हंगामात दादा गुडघ्यावर बसून सुरी आपल्याकडे ओढत होता आणि मी डुकराचे पाय धरून उभा होतो. मला आठवलं. म्हणजे ते मोडायच्या आधी आठवलं. "दादा, थांब" एवढं म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ होता. मी म्हटलं नाही.

चौकशीत तो साहेब विचारायला लागला तेव्हा पाण्याचं तोंडात आलं. एकदा बोलल्यावर मागे घेता आलं नाही.

तुमचं पत्र आईला पूर्ण वाचून दाखवलं. खाली बघून वाचत होतो. संपल्यावर ती म्हणाली, "मग? यात नवीन काय आहे?"

वहिनी, हे लिहायला नको, पण आता काही ठेवत नाही. दादा गेला त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं होतं. तिच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे आता दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. एक गेला. दुसऱ्याला लोकांच्या तोंडी देऊ का? ती बाहेरून आलेली. तिला सोसेल." दुसऱ्या दिवशी दारात ती तुम्हाला ते बोलली, ते सगळं माहीत असताना बोलली.

आता म्हणते, झालं गेलं विसरून जा म्हणावं तिला. इकडेच ये म्हणावं. माझं करायला बाईमाणूस नाही आणि तिलाही कुणी नाही. हे तिने सांगितलं म्हणून लिहिलं. माझं म्हणणं नाही.

मी रानात जाणार नाही. परवाना परत केला. तुम्ही सांगाल तिथे, सांगाल त्याच्यासमोर मी हे सगळं बोलायला तयार आहे.

धाकटा


१३ नोव्हेंबर

भाऊजी,

पत्र दुकानातच उघडलं. एक शिंपी कात्री न्यायला आला होता. त्याला मी तीनदा "बसा" म्हटलं म्हणे, आणि कात्री हातात तशीच धरून ठेवली. शेवटी त्यानेच ती सोडवून घेतली.

तुम्ही चौकशीच्या साहेबासमोर बोललात, तर तिथेच जाऊन बोला. मला साक्षीला बोलावू नका. आणि ज्या तिघांनी सुऱ्या परत आणल्या त्यांना आणि खाटकाला एकेक पत्र लिहा. पत्ते मागच्या बाजूला दिलेत. परवाना परत केलात ते तुमचं तुम्ही बघा. त्याने माझं काही होत नाही.

आईंना सांगा, मी येणार नाही. एक लेक गेल्यावर दुसरा राखावासा वाटला, हे मला समजतं. समजत नाही असं खोटं कशाला म्हणू? पण समजणं निराळं आणि त्यांना उठवून बसवणं, भरवणं, त्यांचे पाय चेपणं निराळं. तिला सोसेल, असं त्यांनी माझ्यावतीने ठरवलं. सोसलं. आता त्यांचं त्यांनी सोसावं. हे पत्र त्यांना वाचून दाखवताना ही ओळ गाळू नका.

भट्टी मी रविवारी पेटवली. बेअरिंगच्या पोलादाचा एक तुकडा तापवला, तेलात घातला, कानस लावून बघितली. नीट झाला. गुरांच्या डॉक्टरीणबाई कधीच्या मागे लागल्या होत्या, त्यांना चार इंचाचं पातं देणार आहे. तुमच्यासाठी काही करणार नाही.

शेवटचं एक लिहिते, कारण ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे. सहा वर्षं मी रोज सकाळी दुकान उघडताना ह्यांची माफी मागत आले. एक दिवस चुकवला नाही. त्यांची थट्टा, त्यांचं रुसणं, जेवताना पेपर वाचणं, काहीही आठवायला लागलं की मध्ये ते पातं यायचं, आणि आपल्याला हे आठवायचा काय अधिकार, असं वाटून मी दुसऱ्या कामाला लागायचे. नवरा गेला म्हणून मी रडलेच नाही, भाऊजी. आरोपीसारखी बसून राहिले.

रविवारी भट्टी विझल्यावर म्हटलं, आता आपल्याला कुणी अडवत नाही, आता आठवू. तर त्यांचा चेहरा आला, हात आले, चालणं आलं. आवाज येईना. रात्रभर प्रयत्न केला. ते मला हाक कशी मारायचे, तेच आठवत नाही. शब्द आठवतो, आवाज नाही.

तेवढं तुम्ही दोघांनी मिळून नेलंत. परत करता येण्यासारखं असतं तर मागितलं असतं.

पुन्हा लिहू नका.